अविवाहित आईनं लेकराचं आडनाव बदलताना: कोणता कागद आधी, कोणता नंतर

आधार केंद्र जवळ असतं आणि नंबर लागला की काम होईल असं वाटतं, म्हणून बहुतेक जणी आडनाव बदलायची सुरुवात आधारपासून करतात. तिथं जन्मदाखला मागतात, आणि दाखल्यावर जुनंच नाव असतं. मग कुणीतरी सांगतं की गॅझेट करून घ्या, म्हणजे सरकारी राजपत्रात नावबदलाची सूचना छापून घ्या. गॅझेट होतं, पण त्यातलं इंग्रजी स्पेलिंग एक आणि शाळेतलं दुसरं. शाळा म्हणते, आमच्या हातात काही नाही, शिक्षणाधिकाऱ्यांचा आदेश आणा. तोवर दहावीचा फॉर्म जुन्याच नावानं गेलेला असतो.

कायदा इथं फारसा आडवा येत नाही. आडवा येतो तो क्रम. म्हणून हा लेख क्रमानंच वाचा आणि आपल्याला लागू नसलेला टप्पा सोडून द्या. लेख मुख्यतः लग्न न झालेल्या आईसाठी आहे. लग्न न झालेल्या वडिलांची बाजू टप्पा ३ मध्ये आहे.

लग्न झालेलं असेल, पण नवरा नांदवत नसेल किंवा घटस्फोटाचा दावा चालू असेल, तर हा मार्ग तुमचा नाही. अशाच वादातल्या एका आईनं जन्मनोंदीत फक्त आपलंच नाव राहावं म्हणून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका केली होती. मार्च २०२५ मध्ये खंडपीठानं ती फेटाळली आणि वर पाच हजारांचा खर्चही लावला. नवरा-बायकोच्या भांडणात लेकराच्या जन्मनोंदीवर दोघांपैकी कुणाचाच असा हक्क चालत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. तेव्हा 'मी एकटीच सांभाळते' आणि 'माझं लग्न झालेलंच नाही' या दोन गोष्टी अर्जात एक करू नका.

## टप्पा १: जन्माची नोंद नेमकी कुठं आहे ते शोधा

नोंद राहत्या गावात नसते, जन्म झाला तिथं असते. आपल्याकडं हे विसरलं की फार हेलपाटे होतात. बीड, धाराशिवकडची ऊसतोडीला गेलेली बाई कोल्हापूर-सांगलीकडं किंवा थेट कर्नाटकात बाळंत झालेली असते. देगलूर-बिलोलीकडची तेलंगणातल्या दवाखान्यात, उमरग्याची सोलापुरात. नोंद त्या-त्या ठिकाणच्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत असणार. दुसऱ्या राज्यातली नोंद आपला ग्रामसेवक दुरुस्त करू शकत नाही, तुम्ही कितीही विनवण्या केल्या तरी.

तिथून दोन गोष्टी घ्या: जन्मदाखल्याची ताजी प्रत आणि नोंद क्रमांक, नोंदणीची तारीख. जुना हातानं लिहिलेला दाखला असेल तर तोही जपून ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. ऑनलाइन चढवताना नावात फरक पडलेला असू शकतो.

मग दाखला हातात घेऊन चार रकाने वाचा. लेकराचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता. घाई करू नका, कारण पुढचं सगळं या चार रकान्यांवर ठरतं. लेकराच्या नावाचा रकाना रिकामा आहे का? नाव आहे पण आडनावच नाही? वडिलांच्या रकान्यात कुणाचं नाव आहे, आणि तो माणूस खरंच वडील आहे का?

हा शेवटचा प्रश्न विचारायला अवघड आहे, पण विचारावाच लागतो. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात केसपेपरवर 'पतीचे नाव' विचारतात. सोबत आलेला मामा किंवा आजोबा लाजेकाजेस्तव काहीतरी नाव सांगून मोकळे होतात. तेच नाव जन्माच्या अहवालात जातं आणि तिथून नोंदवहीत. कधी चक्क आईच्या वडिलांचंच नाव लेकराचे वडील म्हणून लागलेलं असतं.

नोंदच सापडत नसेल तर: आधी उशिराची नोंदणी, मग बाकीचं. जन्माला एक वर्ष उलटून गेलं असेल तर त्यासाठी जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. यात एक सोय आहे: नोंदणी नव्यानं होतेय, तर लेकराचं नाव पहिल्यापासूनच हवं तसं घाला. नंतर बदलायची वेळ येत नाही.

## टप्पा २: तुमचं काम नाव भरण्याचं, दुरुस्तीचं की बदलाचं?

बहुतेक चुका इथं होतात. तिन्ही कामांना लोक सरसकट 'नावात बदल' म्हणतात, पण तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

नाव भरणं. जन्म नोंदला, पण लेकराचं नाव घातलंच नाही. रकाना कोरा आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १४ नुसार ते नाव नंतर भरता येतं: नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यापुढं १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पूर्ण नाव आडनावासकट तिथंच द्या. गॅझेटची गरजच नाही. दाखल्यावर नावाचा रकाना कोरा असताना गॅझेटवर पैसे घालवलेले लोक कमी नाहीत.

दुरुस्ती. नोंद चुकीची झाली आहे. वर सांगितल्याप्रमाणे वडिलांच्या जागी भलत्याचंच नाव, किंवा आईचं आडनाव चुकीचं आणि त्यामुळं लेकराचंही. हे कलम १५ खालचं काम. निबंधकाकडं, म्हणजे जन्माची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडं अर्ज करायचा, सोबत खरी हकीकत माहीत असलेल्या दोन भरवशाच्या माणसांची निवेदनं जोडायची. दवाखान्याचा डिस्चार्ज पेपर, बाळंतपणाचं कार्ड, आईचा शाळेचा दाखला असे त्या काळातले पुरावे इथं कामाला येतात. कालपरवा काढलेल्या आधारला इथं फारसं वजन नसतं.

बदल. नोंद झाली तेव्हा बरोबरच होती, वडिलांचं आडनाव खरंच लावलं होतं, पण आता लेकरू आईच्या आडनावानं ओळखलं जावं असं वाटतं. किंवा उलट: आईचं आडनाव आहे, आणि आता दोघं एकत्र राहतात म्हणून वडिलांचं लावायचंय. यात चूक कुणाचीच नाही, म्हणून निबंधक 'ही दुरुस्ती नाही' म्हणून अर्ज परत करू शकतो. या कामाला संमती किंवा न्यायालयाचा आदेश आणि गॅझेट लागतं.

सावध: बदलाचं काम दुरुस्ती म्हणून रेटू नका. 'वडिलांचे नाव चुकून लागले' असं प्रतिज्ञापत्र करून खऱ्या वडिलांचं नाव काढून टाकलं, आणि पुढं पोटगीसाठी त्याच माणसाला वडील म्हणून उभं करायची वेळ आली, तर समोरचा वकील तेच प्रतिज्ञापत्र पुढं करेल.

आणि चौथा एक प्रकार, जो या तिन्हींत बसत नाही: आईचं नंतर दुसऱ्याशी लग्न झालं आणि आता नव्या नवऱ्याचं नाव लेकराच्या वडिलांच्या रकान्यात हवंय. आडनाव बदलून तो माणूस कायद्यानं वडील होत नाही. त्याला सावत्र पालकाचं दत्तकविधान करावं लागतं. ते कारा या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवरून जातं आणि शेवटचा आदेश जिल्हादंडाधिकारी देतात. आदेश झाला की जन्मदाखला त्यानुसार मिळतो. हे न करता नव्या नवऱ्याचं नाव 'वडील' म्हणून कुठंही लिहून देऊ नका, कारण जन्मनोंदणीसाठी खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे.

## टप्पा ३: सही कुणाची चालेल?

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ च्या कलम ६ मध्ये विवाहबाह्य अपत्याची नैसर्गिक पालक पहिली आई आहे, तिच्यानंतर वडील. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो. नांदेड, परभणीकडं हा प्रश्न हमखास येतो म्हणून मुद्दाम लिहिलं. म्हणजे अविवाहित आईच्या अर्जावर वडिलांची सही हवीच, असं कुणी काउंटरवर सांगत असेल तर ते सरसकट खरं नाही.

मुस्लिम, ख्रिस्ती आयांसाठी गरज पडल्यास पालक व पाल्य अधिनियम १८९० खाली जिल्हा न्यायालयात किंवा कुटुंब न्यायालयात पालकत्वाचा अर्ज करता येतो. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'एबीसी विरुद्ध दिल्ली राज्य' या निकालात सांगितलं की अविवाहित आईला पालकत्व मागताना लेकराच्या वडिलांचं नाव सांगण्याची किंवा त्यांना नोटीस देण्याची सक्ती नाही. त्यातली आई ख्रिस्ती होती. त्याच निकालात जन्मदाखल्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी प्रिंट काढून सोबत ठेवावी: एकल पालक किंवा अविवाहित आईनं आपल्या पोटच्या लेकराचा दाखला मागितला तर अधिकाऱ्यांनी फक्त तिचं प्रतिज्ञापत्र घ्यावं आणि दाखला द्यावा, न्यायालयाचा वेगळा आदेश नसेल तर.

पण इथं एक गाठ आहे. वडिलांचं नाव नोंदीत नसेल तर आईची एकटीची सही पुरते. वडिलांचं नाव नोंदीत असेल, तर बदलाच्या कामात त्यांना बाजूला सारून पुढं जाणं धोक्याचं आहे. कायद्यानं तुम्ही पहिल्या पालक असलात तरी नंतर त्यांनी हरकत घेतली की सगळे कागद अर्ध्यावर अडकतात. म्हणून:

- ते तयार असतील तर त्यांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र घ्या. त्यात जुनं नाव, नवं नाव आणि 'माझी हरकत नाही' एवढं स्पष्ट हवं. सोबत त्यांच्या ओळखपत्राची प्रत.
- ते सापडत नसतील किंवा नकार देत असतील तर न्यायालयातून पालकत्व आणि नाव बदलण्याची परवानगी घ्या. लेकरू जिथं राहतं तिथल्या न्यायालयात अर्ज होतो. लेकरू समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याचंही म्हणणं विचारात घेऊ शकतात, तेव्हा घरात त्याच्याशी आधी बोला.
- ते वारले असतील तर मृत्यूदाखला जोडा. एकट्या उरलेल्या आईला लेकराचं आडनाव ठरवण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये एका विधवा आईच्या प्रकरणात सांगितलं आहे.

अविवाहित वडिलांसाठी: लेकरू तुमच्याजवळ वाढत असलं तरी आई हयात असेपर्यंत पहिली पालक तीच. तिची संमती किंवा न्यायालयाचा आदेश यांपैकी एक हवंच. आई-वडील दोघं मिळून वडिलांचं नाव आणि आडनाव लावू इच्छित असतील तर दोघांची वेगवेगळी प्रतिज्ञापत्रं करा, एकाच कागदावर दोन सह्या नकोत.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाया आणि मुलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयातही विधी सेवा समिती असते. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

## टप्पा ४: नवं नाव कागदावर लिहून ठरवा

आपल्याकडं नाव तीन तुकड्यांचं. आडनाव बदलताना मधल्या नावाचं काय, हे ठरवल्याशिवाय लोक अर्ज करतात. मग 'आरव रमेश शिंदे'चं 'आरव रमेश कांबळे' होतं. मधे वडील, शेवटी आईचं आडनाव, आणि पुढं प्रत्येक कार्यालयात 'वडिलांचं आडनाव वेगळं कसं?' हा प्रश्न. आईचंच लावायचं असेल तर 'आरव सुनीता कांबळे' असं पूर्ण ठरवा आणि अर्जात मधल्या नावाचा बदलही मागा. (ही नावं नमुन्यादाखल आहेत.)

महाराष्ट्रात १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम ठरला आहे. 

आता एक कोरा कागद घ्या. त्यावर नवं नाव एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजी स्पेलिंगमध्ये, मोठ्या अक्षरांत लिहा. वाघमारे हे 'व्ही'नं की 'डब्ल्यू'नं, शिंदेच्या शेवटी 'ई' एक की दोन, सुनीतामध्ये 'आय' की दोन 'ई', हे आत्ताच ठरवा. आईच्या स्वतःच्या आधारवर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर जे स्पेलिंग आहे तेच घ्या. या कागदाच्या झेरॉक्स काढा. टायपिस्ट, सेतूवाला, क्लार्क, ज्याच्यासमोर बसाल त्याच्या हातात हाच कागद द्यायचा. तोंडानं सांगायचं नाही. 'लिहा की, कांबळे' म्हटलं की ज्याला जसं सुचेल तसं तो लिहितो.

तपासा: आईच्याच कागदांवर आडनाव दोन प्रकारे असेल तर आधी आईचं एकसारखं करून घ्या.

## टप्पा ५: प्रतिज्ञापत्र

तहसीलबाहेरच्या टेबलवर 'पाचशेचा बाँड लागेल' असं सांगतात. शासकीय कार्यालयात आणि न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर करून कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढं किंवा नोटरीपुढं सही करा. कोणाचं प्रतिज्ञापत्र चालेल, हे मात्र ज्या कार्यालयात द्यायचंय तिथं आधी विचारून घ्या.

मजकूर लांबवू नका. प्रेमप्रकरण, फसवणूक, भांडण यातलं काही लिहायची गरज नाही. उलट जितकं जास्त लिहाल तितके प्रश्न. असा साचा पुरतो:

> मी, (आईचे पूर्ण नाव), वय …, राहणार …, ता. …, जि. …, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, (लेकराचे जुने नाव) हे माझे अपत्य असून त्याचा जन्म दि. … रोजी … येथे झाला आहे. जन्मनोंद क्र. …. मी अविवाहित असून अपत्याचा सांभाळ मी करते. अपत्याचे नाव (जुने नाव) ऐवजी (नवे नाव) असे ठेवायचे आहे. अपत्याच्या पालकत्वाबाबत कोणत्याही न्यायालयाचा मनाई आदेश नाही. वरील माहिती खरी आहे.

शेवटून दुसरं वाक्य बहुतेक टायपिस्ट गाळतात. ते राहू द्या, अर्थात ते खरं असेल तरच. न्यायालयाचा पालकत्वाचा आदेश घेतला असेल तर त्याऐवजी आदेशाचा क्रमांक आणि तारीख लिहा.

## टप्पा ६: राजपत्र, म्हणजे लोकांच्या भाषेत गॅझेट

हे फक्त 'बदल' करणाऱ्यांसाठी. अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन होतो. मुंबईला चर्नी रोडला जायची गरज नाही. स्वतः जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रातून करा, पण 'सबमिट' दाबण्याआधी स्क्रीनवरचं नाव स्वतः वाचा. टप्पा ४ चा कागद शेजारी धरून, एकेक अक्षर.

अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या अपत्यासाठी अर्जदार पालक असतो. लागतात त्या गोष्टी: लेकराच्या जुन्या नावाचा पुरावा, आईचं ओळखपत्र, लेकराचा फोटो, प्रतिज्ञापत्र, आणि टप्पा ३ मधली संमती किंवा आदेश. स्कॅन अंधुक असला की अर्ज परत येतो. मोबाईलनं घाईत काढलेला तिरका फोटो नको.

जुन्या नावाच्या रकान्यात तेच लिहा ज्याचा पुरावा जोडताय. घरात हाक मारतात ते नाव, दवाखान्यातलं 'बेबी ऑफ' वगैरे तिथं नको.

राजपत्राचा हा भाग आठवड्याचा असतो, अंकावर 'गुरुवार ते बुधवार' असं छापलेलं दिसेल. छापून आलं की अंकाची पीडीएफ उतरवून घ्या, आपलं नाव असलेलं पान आणि पहिलं पान दोन्ही जपा. काही कार्यालयं फक्त नावाचं पान बघून 'अंक कोणता?' विचारतात.

सावध: गॅझेट हा परवाना नाही. या सूचनांच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही, असं त्या पानावरच छापलेलं असतं. आपण स्वतः जाहीर केलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. म्हणून 'गॅझेट झालं म्हणजे सगळीकडं आपोआप बदललं' हा समज काढून टाका. आणि गॅझेटमध्ये स्पेलिंग चुकलं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या. चुकीच्या गॅझेटवर पुढचा एकही अर्ज करू नका.

## टप्पा ७: परत जन्मनोंदीकडे

गॅझेट, प्रतिज्ञापत्र, संमती किंवा आदेश घेऊन जन्माच्या ठिकाणच्या निबंधकाकडं अर्ज द्या. मूळ नोंद खोडली जात नाही. कायद्यानुसार समासात नवी नोंद घेतली जाते. त्यामुळं 'जुनं नाव कुठंच दिसायला नको' ही मागणी करू नका, ती मान्य होणार नाही.

अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. ग्रामपंचायतीत आवक-जावक रजिस्टरला नोंद झाली का ते बघा. 'ठेवून जा, बघतो' याला पोच म्हणत नाहीत.

नकार मिळाला तर तो लेखी मागा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर अधिनियमात कलम २५अ आलं आहे. निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडं अपील करता येतं, आणि त्यांच्याही निर्णयाविरुद्ध मुख्य निबंधकाकडं. अपिलाचा निकाल ९० दिवसांत द्यायचा असतो. तोंडी नकारावर अपील होत नाही, आणि काही लोक लेखी द्यायचं टाळतात ते त्यासाठीच. तिथंही भागलं नाही तर औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका हा शेवटचा रस्ता.

तपासा: नवा दाखला हातात पडल्यावर काउंटर सोडण्याआधी लेकराचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख वाचा. नाव बदलताना तारीख चुकलेली सापडते.

## टप्पा ८: शाळा, आणि तीही दहावीच्या फॉर्मआधी

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात आडनाव बदलू शकत नाहीत. माध्यमिक शाळा संहितेनुसार त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणून मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. ते 'माझ्या हातात नाही' म्हणतात ते खरं आहे. त्यांच्या हातात असतं ते प्रस्ताव पाठवणं, आणि तिथंच काम रखडतं.

प्रस्तावात साधारण हे असतं: पालकाचा अर्ज, मुख्याध्यापकांचं पत्र, जनरल रजिस्टरचा म्हणजे प्रवेश निर्गमचा उतारा, नवा जन्मदाखला, गॅझेट, प्रतिज्ञापत्र. लेकरानं आधी दुसऱ्या शाळेत शिक्षण घेतलं असेल तर पहिल्या शाळेचा उतारा मागितला जातोच. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली लेकरं चार ठिकाणी शिकलेली असतात, त्यामुळं हे उतारे आधीच गोळा करा. एका शाळेत वडिलांचं आडनाव, दुसरीत मामाचं, असंही निघतं. ते लपवू नका, प्रतिज्ञापत्रात एका ओळीत लिहा की ही सगळी नावं एकाच लेकराची आहेत.

आदेश आला की रजिस्टरवर नोंद कशी घेतली ते स्वतः बघा. जुनं नाव वाचता येईल असं राहतं, नवं नाव लिहून आदेशाचा क्रमांक, तारीख आणि मुख्याध्यापकांची सही असायला हवी. फक्त व्हाइटनर लावून वर नवं नाव लिहिलेलं रजिस्टर पुढं जात पडताळणीत फार त्रास देतं.

वेळेचं गणित असं: दहावीचे फॉर्म जनरल रजिस्टरवरून भरले जातात आणि साधारण दिवाळीच्या आसपास त्यांची धावपळ असते. तेव्हा आठवीत, फार तर नववीत प्रस्ताव जायला हवा. उशीर झालाच आणि फॉर्म भरला गेला, तर शाळेत प्री-लिस्ट, म्हणजे फॉर्ममधली माहिती तपासायची यादी येते तेव्हा नाव बघा. आदेश हातात असेल तर दुरुस्ती तेव्हाच सोपी. प्रमाणपत्र छापल्यावर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडं जावं लागतं: छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोलीसाठी संभाजीनगर मंडळ, आणि लातूर, नांदेड, धाराशिवसाठी लातूर मंडळ.

सावध: काम पूर्ण होण्याआधी टीसी काढू नका. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधला बदल फार अवघड होतो. 'पुढच्या शाळेत नवीन नावानं घालू' हा सल्ला गावोगाव दिला जातो. तो ऐकू नका. टीसीवर जुनं नाव असेल तर नवी शाळाही तेच लिहिणार.

## टप्पा ९: आधार आणि बाकीचे

आता आधार. नवा जन्मदाखला घेऊन जा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून अर्धवट नावानं एक संधी वाया घालवू नका. पाच आणि पंधरा वर्षांची बायोमेट्रिक अद्ययावत करणं जवळ आलं असेल तर दोन्ही एकाच फेरीत करा.

आधार झालं की शाळेला यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत नाव जुळवायला सांगा. अपार आयडीसाठी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) शाळेतलं आणि आधारवरचं नाव एकच लागतं.

पासपोर्टला डिसेंबर २०१६ पासून आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव पुरतं. बँक, रेशनकार्ड, पोस्टातलं सुकन्या खातं ही कामं आधारनंतर सहज होतात.

## आडनावानं जे बदलत नाही

पोटगी. लेकरानं आईचं आडनाव लावलं म्हणून वडिलांची जबाबदारी संपत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुनं १२५) विवाहबाह्य अपत्यालाही पोटगी मागता येते. वडिलांनी 'संमती देतो, पण पोटगी मागायची नाही असं लिहून दे' अशी अट घातली तर सही करू नका, वकिलाला विचारा.

जात. आडनाव बदलल्यानं जात बदलत नाही, आणि आईच्या जातीचा दाखला आपोआप लागूही होत नाही. लेकरू कुणाच्या घरात, कोणत्या परिस्थितीत वाढलं हे पुराव्यानं दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये आंतरजातीय लग्नाच्या एका प्रकरणात हेच धोरण घेतलं होतं. तेव्हा आडनावाच्या अर्जात जातीचा विषय घुसडू नका, तो वेगळा प्रस्ताव. जात पडताळणी समिती जुनी आणि नवी दोन्ही नावं जोडून बघते, म्हणून जुना जन्मदाखला, जुन्या शाळेचा उतारा, गॅझेटचा पूर्ण अंक, शिक्षणाधिकाऱ्यांचा आदेश आणि प्रत्येक अर्जाची पोच एका फाइलमध्ये ठेवा. त्यातले मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्सवर भागवा, आणि मूळ दाखवायला सांगितलं तर समोर उभं राहून दाखवून परत घ्या.